परतवारी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात भाट्ये येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

शताब्दीच्या आनंदात हा विषय कशाला काढला, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. रस्त्यावर राहणारी, मनाने आजारी असलेली माणसे हा काही मांडवात बोलण्याचा विषय वाटत नाही. पण दिंडी रस्त्यानेच चालते. गेली शंभर वर्षे आपण ज्या रस्त्याने आंबा घाट चढलो, त्या रस्त्याच्या कडेला ही माणसे बसलेली असतात. तेव्हा त्यांच्याविषयी बोलायचे तर वारकऱ्यांतच बोलायला हवे.

आम्ही म्हणजे याच दिंडीतले पाच-सात जण. वारी नसते तेव्हा ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांच्याकडे जाऊन बसतो, दवाखान्याच्या फेरीला सोबत करतो, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का ते बघतो. आम्ही डॉक्टर नाही, वकीलही नाही. जे पाहिले आणि जाणकारांकडून समजून घेतले, तेवढेच सांगतो.

वारी म्हणजे काय? जाणे आणि येणे. जाण्याची वारी सगळ्या जगाला ठाऊक आहे. रस्त्यावर रांगोळ्या, गावोगावी पंगती, वर्तमानपत्रांत फोटो. पण पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की पालख्या मागे फिरतात. ती परतवारी. तिच्यात माणसे मोजकी, टप्पे मोठे, आणि स्वागताला फारसे कोणी नसते. तरीही परतवारी झाल्याशिवाय सोहळा पुरा होत नाही, हे जुने वारकरी जाणतात.

रस्त्यावरच्या मनोरुग्णाचे सगळे दुःख या एका शब्दात आहे. त्याची परतवारी राहून गेलेली असते. त्याला वडापाव देणारे भेटतात, जुना शर्ट देणारे भेटतात. घरापर्यंत चालणारा भेटत नाही.

आता माणूस घराबाहेर पडतो कसा, ते बघू. स्किझोफ्रेनिया म्हणून एक आजार आहे, मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. तो बहुतेक वेळा ऐन तरुणपणी सुरू होतो. बाहेर कोणी बोलत नसताना कानात आवाज येतात. जेवणात काही घातले आहे, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, अशी पक्की खात्री वाटते. आपल्याला तो संशय वाटतो. त्याच्यासाठी ते सत्य असते. विष घालणाऱ्या घरात कोण थांबेल? तो रात्रीचा उठतो आणि निघतो. कुठे जायचे हे ठरलेले नसते, फक्त इथून जायचे असते. समोर गाडी उभी दिसली की चढतो. टीसी उतरवतो तिथे उतरतो. पिशवी जाते, मोबाईल जातो, चप्पल जाते. चार दिवसांनी अंगावरचे कपडे असे होतात की त्याला कोणी दारात उभे करत नाही.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, आणि केरळपासून दिल्लीपर्यंतच्या गाड्या रत्नागिरीवरून जाऊ लागल्या. म्हणून आपल्या स्टेशनाबाहेर, एसटी स्टँडवर किंवा खाडीपुलाच्या तोंडाशी बसलेला माणूस मल्याळी असू शकतो, बिहारी असू शकतो, बंगाली असू शकतो. आपण मराठीत विचारतो, तो बोलत नाही. आपण म्हणतो, वेडा आहे. अहो, निम्मे वेळा त्याला आपली भाषाच कळलेली नसते.

पण सगळेच असे एका रात्रीत निघून जात नाहीत. कितीतरी जणांचे घर हळूहळू सुटते. आमच्या पाहण्यात असे पुष्कळदा आले आहे की आई आहे तोवर घर आहे. आई त्याला जेवू घालते, त्याच्या शिव्या खाते, गोळी पेजेत घालून देते, लोकांची बोलणी ऐकते. भाऊ मुंबईला चाकरमानी, बहिणी सासरी. एक दिवस आई जाते. बाराव्या-तेराव्याला सगळे जमतात, आणि प्रश्न येतो, याचे करायचे काय? कोणी वाईट नसते हो. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत त्याला नेणार कुठे? महिनाभर शेजारीण भाकरी देते. मग घराला कुलूप लागते, आणि तो पडवीत राहतो. पडवीतून देवळात, देवळातून स्टँडवर. आज आपल्या कोकणात वाड्याच्या वाड्या बंद घरांच्या आहेत. घर आहे तिथे माणूस नाही, आणि माणूस आहे त्याला घर नाही.

बायकांचे तर याहून कठीण. लग्नानंतर आजार उमटला की सासर म्हणते, फसवलंत आम्हाला, घेऊन जा. माहेरी आई-वडील थकलेले, भावाचा संसार. दोन घरांच्या मध्ये ती रस्त्यावर येते. आणि रस्त्यावर बाईचे काय होते, ते या मांडवात सविस्तर सांगायला नको. नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी अशाच महिलांसाठी घर उभारले आहे. तिथे या बायकांबरोबर त्यांची रस्त्यावरच्या अत्याचारातून जन्मलेली लेकरेही राहतात. त्या संस्थेचे नाव आहे माऊली सेवा प्रतिष्ठान. जो शब्द आपण दिवसातून शंभरदा एकमेकांना म्हणतो, तो त्या दोघांनी पाटीवर लिहिला आणि जगून दाखवला.

इथपर्यंत झाले आजारामुळे घर कसे जाते ते. आता उलट बाजूही बघा. घर नसल्यामुळे आजार वाढतो. पालखीच्या मुक्कामात दोन रात्री झोप नीट झाली नाही तर आपली चिडचिड किती होते! ज्याला वर्षानुवर्षे कोणीतरी लाथ मारून उठवते, पाऊस उठवतो, कुत्री उठवतात, त्याच्या मनाचे काय होत असेल? चांगल्या मनाचा माणूससुद्धा भीती, भूक आणि जागरण यांनी ढासळतो. त्यात दारू-गांजा चिकटतो. आणि समजा सरकारी दवाखान्याने त्याला महिन्याच्या गोळ्या दिल्या, तर तो त्या ठेवणार कुठे? औषधाला उशी लागते, फळी लागते, ‘घेतलीस का रे गोळी?’ असे विचारणारे कोणी लागते. म्हणून नुसते औषध पुरत नाही आणि नुसते छप्परही पुरत नाही. दोन्ही एकदम लागतात. टाळाला दोन बाजू असतात, एकाने वाजत नाही.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक माणसे बेघर मोजली गेली, देशात साडेसतरा लाखांच्या वर. यातले सगळे मनोरुग्ण नाहीत, हे नीट लक्षात ठेवा. गरिबीने, कर्जाने, कामासाठी गाव सोडल्याने बेघर झालेलेच पुष्कळ आहेत. आणि सगळे मनोरुग्णही काही रस्त्यावर येत नाहीत. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे सुमारे एकाला कोणता ना कोणता मानसिक त्रास असल्याचे आढळले. म्हणजे या मांडवातही असे कितीतरी बसले असतील, आणि ते टाळ वाजवतात, शेती करतात, नातवंडे खेळवतात. मग एक जण ओळीत राहतो आणि दुसरा रस्त्यावर जातो, हा फरक कशाने पडतो? आजाराच्या जोराने पडतो, हे खरे. पण वेळेवर उपचार आणि धरून ठेवणारे माणूस, यांनीही पडतो.

आपल्या रत्नागिरीकरांना याचे विशेष वाटायला हवे. येथील मनोरुग्णालय १८८६ सालचे. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, पुणे, नागपूर आणि आपले रत्नागिरी. त्यांत सर्वांत लहान आपले, ३६५ खाटांचे. वर्षाचे जेवढे दिवस तेवढ्या खाटा. आपल्याकडे मात्र या रुग्णालयाचे नाव चेष्टेत घेतात. पोराने हट्ट केला की ‘तुला तिथे टाकून येतो’ म्हणतात. ज्या दाराने माणूस बरा होऊन बाहेर यायचा, त्या दाराची भीती आपण पाळण्यापासून घालतो, आणि मग घरात आजार आला की तीन-तीन वर्षे त्या दारात जात नाही.

त्याच १८८६ साली ब्रह्मदेशचा थिबा राजा कैद होऊन रत्नागिरीत आला. इंग्रजांनी पुढे त्याला टेकडीवर राजवाडा बांधून दिला; आपण मुलांना तो दाखवायला नेतो. तीस वर्षे तो इथे राहिला आणि १९१६ साली इथेच वारला. त्याला छप्पर होते, नोकर होते, जेवण होते, पण परत जाणे नव्हते. छप्पर आणि घर यांतला फरक रत्नागिरीकरांना वेगळा समजावून सांगायला नको.

हा फरक न्यायालयालाही सांगावा लागला. मनोरुग्णालयात बरे झालेले, पण घरचे न्यायला येत नाहीत असे कितीतरी रुग्ण असतात. त्यांना भिक्षेकरी गृहात किंवा वृद्धाश्रमात हलवण्याचा प्रकार आपल्या राज्यात झाला, तेव्हा २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ताबडतोब थांबवायला सांगितले. बरा झालेला माणूस भिकारी नव्हे आणि म्हाताराही नव्हे. त्याला जगण्यात परत घेणारे ठिकाण हवे.

आता कायदा थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्या उपयोगाचा आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम १०० लक्षात ठेवा. रस्त्यावर भटकणारा, मानसिक आजार असलेला आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस आढळला, तर त्याला संरक्षणात घेणे हे त्या हद्दीतल्या पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. जास्तीत जास्त २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेऊन तपासणी करवून घ्यावी लागते. आणि तो बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून त्याचे कुटुंब शोधायचे, हेही त्याच कलमात आहे. याच कायद्याने बेघर आणि निराधार माणसाला सरकारी संस्थेत मानसिक उपचार मोफत आहेत. साखळीने बांधणे कोणत्याही प्रकारे मना आहे. आणि केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कोणाला रुग्णालयात ठेवून देता येत नाही. समाजात राहणे हा त्याचा हक्क आहे.

साखळीचे नाव निघाले म्हणून सांगतो. तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तिथल्या एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. माणसे साखळदंडाने बांधलेली होती, पळता आले नाही. पंचविसांहून अधिक जण जळून गेले. श्रद्धेने आणून सोडलेली माणसे होती ती. देवाच्या दारात नेले की आपले काम संपले, असे ज्यांना वाटते त्यांनी ही तारीख विसरू नये. घरात आजार दिसला की आपल्याकडे आधी कौल लावतात, बाहेरचे काही आहे का बघतात. कौल लावायचा तर लावा, पण त्याच दिवशी डॉक्टरकडेही जा. नवसाला वेळ चालतो, आजाराला चालत नाही.

दुसरी एक गोष्ट खास वारकऱ्यांसाठी. फाटक्या कपड्यातला, स्वतःशी बोलणारा माणूस दिसला की कोणी दगड मारतो, आणि कोणी पाया पडतो. म्हणतात, अवलिया आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. दोन्हींचा शेवट एकच होतो, तो तिथेच राहतो. खरोखर कोणी अवलिया असला, तर डॉक्टरने तपासल्याने त्याचे काही उणे होणार नाही. आणि तो आजारी असला, तर नुसत्या नमस्काराने त्याची जखम भरणार नाही.

आता परतवारी घडते कशी, ते सांगतो. मुंबईत डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याला एक तरुण दिसला. नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पीत होता. आपल्या भाट्याला नारळाचे संशोधन केंद्र आहे, अंगणात करवंट्या पडलेल्या असतात. तेव्हा ते दृश्य तुम्हाला सांगावे लागणार नाही. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेले, उपचार केले. बरा झाल्यावर तो बोलू लागला. तो पदवीधर निघाला, प्रयोगशाळेचे शिक्षण घेतलेला, आणि वडील आंध्र प्रदेशात जिल्हा परिषदेत अधिकारी. वडील येऊन मुलाला घेऊन गेले. त्यातून १९८८ साली श्रद्धा पुनर्वसन संस्था उभी राहिली. पुढे २००६ साली कर्जतला तिचे मोठे केंद्र झाले. रस्त्यावरून आणायचे, आंघोळ, जेवण, औषध द्यायचे, काही आठवड्यांत माणूस सावरला की त्याच्याकडून गावाचे नाव मिळवायचे, आणि कार्यकर्त्याने त्याला रेल्वेने घरी पोचवायचे. डॉ. वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोपर्यंत सात हजारांहून अधिक माणसे अशी घरी गेली होती. मंडळी, सात हजार! ज्यांच्या नावाने घरच्यांनी आशा सोडली होती, कोणी दिवससुद्धा केले असतील, ती माणसे अंगणात येऊन उभी राहिली.

पण तिथेही काम संपत नाही. घरी गेलेल्या माणसाच्या गोळ्या सुटल्या, गावाने हसून घेतले, हाताला काम दिले नाही, तर तो पुन्हा निघतो. म्हणून शेवटचा टप्पा गावाचा आहे, आणि तिथे दिंडी लागते.

माऊलींच्या पालखीत मुक्कामावर संध्याकाळी समाजआरती होते, हे सगळ्यांना माहीत आहे. चोपदार चोप उंच करतात आणि एवढा मोठा समाज एकदम शांत होतो. मग हरवलेल्या-सापडलेल्याची यादी वाचतात. कोणाची पिशवी, कोणाचे पाकीट, कोणाचा टाळ. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, आणि तिचे ऐकून घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. एका टाळासाठी हजारो माणसे थांबतात. मग हरवलेल्या माणसासाठी एका गावाने थांबणे काही जड नाही.

आम्ही पाच गोष्टी सुचवतो. शताब्दीचा संकल्प म्हणा.

एक. असा माणूस दिसला तर मोबाईलवर चित्रण करून पाठवत बसू नये. दोघांनी जावे, बाई असेल तर सोबत बाई असावी. थोडे अंतर राखून बसावे, पाणी द्यावे, नाव-गाव विचारावे. मराठी नाही कळली तर हिंदी, नाहीतर ती भाषा जाणणारा कोणी शोधावा. ओढू नये, बांधू नये, जबरदस्तीने डोके भादरू नये.

दोन. ११२ला फोन करावा, कलम १०० सांगावे, आणि माणूस रुग्णालयात पोचेपर्यंत एकाने सोबत राहावे. दुसऱ्या दिवशी चौकशीला जावे. चौकशी करणारे आहे असे दिसले की काम पुढे सरकते.

तीन. घरात त्रास असेल तर लपवू नये. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येते.

चार. जी आई, जी बायको, जो भाऊ अशा माणसाला सांभाळतो, त्याला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी. आपल्यातल्या दोघांनी त्या घरी जाऊन बसावे, म्हणजे तिला बाजाराला जाता येईल, देवळात जाता येईल, नुसते झोपता येईल. आणि ‘माझ्यानंतर याचे कोण?’ हा तिचा प्रश्न ती जिवंत असतानाच भावाबहिणींना एकत्र बसवून सोडवावा. घरातला आणि जमिनीतला त्याचा हिस्सा, औषधाचा खर्च, राहण्याची जागा, सगळे बोलून ठेवावे. तेराव्याच्या दिवशी हे ठरत नाही.

पाच. बरा होऊन आलेल्याला ओळीत जागा द्यावी. टाळ हातात द्यावा. ठेका चुकला तर चुकू दे, नवीन टाळकऱ्याचाही चुकतो. वारीत त्याच्या गोळ्यांची आठवण एकाने ठेवावी. एकादशीला औषध बंद करू नये. आणि काही औषधांवर पाणी-मीठ कमी झाले तर अपाय होतो, म्हणून उपवासाचे आधी डॉक्टरांना विचारावे. विठोबाला गोळी चालते.

याला पैसा फार लागत नाही. लागतात ती चार माणसे, जी पंगत उठल्यावरही थांबतात. शंभर वर्षांपूर्वी आपली दिंडी निघाली तेव्हाही तशीच चार माणसे होती, असे वडीलधारे सांगत आले. मांडवातून बाहेर पडताना दाराशी एक वही ठेवली आहे. आठवड्यातला एक दिवस ज्यांना देता येईल त्यांनी तिच्यात नाव आणि वार लिहावा. सोमवारची जागा भरली आहे, बाकीचे सहा वार रिकामे आहेत.

राम कृष्ण हरि.